दोन भेटींच्या मधले दिवस: गोंदिया जिल्ह्यातला उच्च रक्तदाब आणि परिचर्या

गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेतील संशोधकांनी २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे शोधली. या गावांची लोकसंख्या सुमारे ९४ हजार. हिवताप, क्षय, सर्पदंश अशा उत्तरांची सवय असलेल्या या मुलखात पहिल्या क्रमांकावर निघाला लकवा, म्हणजे पक्षाघात. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ त्याचे होते, दर सातांमागे एक. २०१५ साली हा अभ्यास ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लकव्याचे सर्वांत मोठे आणि टाळता येण्यासारखे कारण म्हणजे उच्च रक्तदाब. अर्जुनी मोरगाव आणि देवरी तालुक्यांची दक्षिणेकडची सीमा ओलांडली की गडचिरोली लागते. तोच धान, तेच जंगल, तोच खर्रा. त्यामुळे गडचिरोलीचे हे उत्तर गोंदियाने आपलेच समजून वाचावे, असे मला वाटते.

या लेखात उच्च रक्तदाबाकडे परिचर्येच्या बाजूने पाहायचे आहे. निदानाला एक-दोन भेटी लागतात, औषध लिहायला पाच मिनिटे. दाब आटोक्यात राहतो की नाही, हे मात्र दोन भेटींच्या मधल्या दिवसांत ठरते. रुग्ण परत आला का, गोळी मिळाली का, ती घेतली का, चक्कर आल्यावर कोणाला विचारले, या सगळ्याची खबर असते ती सिस्टरला, आरोग्य सेविकेला, आशाताईला. गेल्या पंधरा वर्षांतला पुरावा याच दिशेने बोट दाखवतो. आपली व्यवस्था मात्र अजून त्या पुराव्याप्रमाणे बसवलेली नाही.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुषांत आणि २१ टक्के स्त्रियांत दाब वाढलेला आढळला किंवा त्यासाठी गोळी चालू होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली रक्तदाबावरचा आपला पहिला जागतिक अहवाल काढला. त्यात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १८ कोटी ८० लाख भारतीयांना उच्च रक्तदाब असल्याचा अंदाज आहे. त्यांतल्या ३७ टक्क्यांचे निदान झालेले, ३० टक्के उपचारावर आणि अवघ्या १५ टक्क्यांचा दाब आटोक्यात. हे आकडे ओळीने वाचले की दोन मोठी भगदाडे दिसतात. पहिले निदानाआधीचे, त्याबद्दल सगळे बोलतात आणि शिबिरेही त्यासाठीच भरतात. दुसरे ३० आणि १५ यांच्या मधले आहे. गोळी सुरू झालेल्या दर दोन माणसांपैकी एकाचा दाब चढाच आहे. हे दुसरे भगदाड बुजवणे हे मुख्यतः परिचर्येचे काम आहे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार १३ लाख २२ हजार लोक. शहरात कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय, बाई गंगाबाई महिला रुग्णालय आणि २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिरोड्याला उपजिल्हा रुग्णालय, इतरत्र ग्रामीण रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि त्यांच्या हाताखालची उपकेंद्रे. उपकेंद्रात आरोग्य सेविका असते. आता उपकेंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरे झाल्यापासून समुदाय आरोग्य अधिकारीही असतात, कोणी बी. एस्सी. नर्सिंग झालेले, कोणी आयुर्वेदाचे पदवीधर. आशाताई ही नर्स नव्हे, पण तिच्याशिवाय यातले काहीच चालत नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा धोका-तक्ता तीच दारोदार जाऊन भरते.

आकडा खरा असेल तर

रिव्हा-रोच्ची या इटालियन डॉक्टरने १८९६ साली दंडाला बांधायचा फुगवता पट्टा आणला. कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने १९०५ साली स्टेथोस्कोपने ठोके ऐकून वरचा आणि खालचा दाब ओळखायची रीत दिली. पारा विषारी म्हणून मिनामाता करारानंतर पाऱ्याची यंत्रे हटू लागली आणि आता बहुतेक ठिकाणी डिजिटल यंत्र आहे. पण दाब चुकीचा मोजण्याच्या तऱ्हा यंत्राबरोबर बदललेल्या नाहीत.

रुग्णाने पाच मिनिटे शांत बसायला हवे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि एकमेकांवर न टाकलेले, हात टेबलावर, दंड हृदयाच्या उंचीला. लघवी तुंबलेली नको, मोजताना बोलणे नको. आधीच्या अर्ध्या तासात चहा नको आणि तंबाखूही नको. आपल्या भागात तंबाखू म्हणजे बिडी एवढेच नाही. खर्रा तोंडात असतो, गुडाखू दातांवर घासलेला असतो, आणि विचारले तर ‘मी सिगरेट ओढत नाही’ असे खरे उत्तर मिळते. म्हणून प्रश्न नेमका विचारावा लागतो. यातली एकेक चूक वरच्या आकड्यात पाच-दहाची भर सहज घालते, आणि दोन-तीन चुका एकत्र आल्या की धडधाकट माणूस आयुष्यभराच्या गोळीला लागतो.

उलटी चूकही होते आणि ती आपल्याकडे जास्त महत्त्वाची आहे. पट्ट्याची हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के भागाला वेढणारी हवी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब जास्त दिसतो, हे पुस्तकात ठळक छापलेले असते. बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर दाब कमी दिसतो, हे मात्र विसरले जाते. रोवणी करणाऱ्या, अंगावर मांस नसलेल्या बाईचा दंड आठवा. तिला प्रौढांचा सरसकट पट्टा मोठाच होतो. तिचा १४६ हा १३८ म्हणून नोंदला जातो आणि ती ‘नॉर्मल’ म्हणून घरी जाते. प्रत्येक उपकेंद्रात किमान दोन मापांचे पट्टे हवेत. मागणीपत्रात ही ओळ घालायचे काम सिस्टरचे आहे, आणि ती मागणी पुरी करणे वरच्यांचे.

पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा दाब घ्यावा आणि पुढे जास्त असलेल्या हातावर मोजत राहावे. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहावी. नोंदवही चाळताना १२०/८०, १३०/८०, १४०/९० यांचीच रांग दिसली तर समजावे की कोणीतरी आकडे गोल केले आहेत, किंवा त्याहून वाईट म्हणजे मोजलेलेच नाहीत. दाब एकाच भेटीत वाढलेला दिसला म्हणून लगेच शिक्का मारायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचा. अपवाद एवढाच की आकडा १८०/११० वर असेल तर वाट पाहत बसायचे नाही.

पाच मिनिटे बसवणे शंभर रुग्णांच्या ओपीडीत शक्य नाही, असे म्हटले जाते. रांग आहे तशी ठेवून ते शक्य नाही, हे खरे. केसपेपर काढल्यावर रुग्णाला उभ्या रांगेत न ठेवता भिंतीलगतच्या बाकावर बसवले आणि दाब तिथेच मोजला तर पाच मिनिटे आपोआप निघतात. एक बाक आणि एक टेबल इकडून तिकडे सरकवण्याचे हे काम आहे.

मोजण्याबाबत आणखी एक निष्कर्ष नर्सेसनी अभिमानाने सांगावा असा आहे. डॉक्टर आणि नर्स यांनी त्याच रुग्णांचा मोजलेला दाब ताडून पाहणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिस’मध्ये आला. डॉक्टरांचा आकडा सरासरी वर ७ आणि खाली ४ ने जास्त निघाला. डॉक्टरांसमोर माणूस दचकतो. गोळी वाढवायची की नाही हे ठरवताना नर्सने शांतपणे घेतलेला आकडाच धरावा, असा त्याचा साधा अर्थ होतो.

शेजारच्या जिल्ह्यातली वाट

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, केंद्र आणि राज्य सरकारे व जागतिक आरोग्य संघटना यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले पंचवीसेक जिल्हे होते. महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा निवडले गेले. गोंदियाचा मूळ जिल्हा आणि सख्खा शेजारी त्यात होता, म्हणून ही वाट आपल्याला जवळची आहे.

उपक्रमात नवे औषध नव्हते, महागडे यंत्रही नव्हते. औषधोपचाराच्या ठरलेल्या पायऱ्या, वर्षभराच्या गोळ्यांचा आधीच हिशेब करून केलेली खरेदी, चांगली डिजिटल यंत्रे, प्रत्येक रुग्णाची भेटीगणिक नोंद, आणि डॉक्टरांचे काही काम नर्स व इतर कर्मचाऱ्यांकडे सोपवणे, एवढेच. पायऱ्यांची सुरुवात साधारणपणे ॲम्लोडिपिनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीने होते. महिन्याने दाब १४०/९० च्या खाली आला नाही तर पुढची पायरी, मग त्यापुढची. कोणत्या डॉक्टरची कोणती आवडती कंपनी, हा प्रश्नच उरत नाही.

मला या उपक्रमातला सर्वांत मोलाचा भाग हिशेबाची रीत वाटतो. गेल्या तीन महिन्यांत रुग्ण आलाच नाही, तर त्याला यशात धरायचे नाही. त्याचा शेवटचा आकडा चांगला होता, हे कारण चालत नाही. त्यामुळे महिन्याच्या यादीत ‘न आलेले’ असा एक रकाना उभा राहतो आणि नर्स-आशांना फोन कोणाला करायचा, घरी कोणाकडे जायचे, ते कळते. शिबिरात किती लोक तपासले हे मोजणारी व्यवस्था आणि न आलेल्यांना मोजणारी व्यवस्था यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला तेव्हा तो २३ राज्यांतल्या १३० हून अधिक जिल्ह्यांत पोचला होता, ३४ लाखांहून जास्त लोक सरकारी केंद्रांतून उपचार घेत होते आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा दाब आटोक्यात होता. देशाच्या सरासरीशी या निम्म्याची थेट तुलना करता येणार नाही, कारण इथे फक्त नोंदणी झालेले रुग्ण मोजले आहेत. तरीही सरकारी दवाखान्यात हे जमते, एवढे त्यातून दिसले.

नर्सच्या हाती काम दिल्यावर नक्की कशाने फरक पडतो? २०१० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ३३ चाचण्यांचा आढावा आला. नर्सने ठरलेल्या पायऱ्यांचा उपचारक्रम वापरला, तिथे नेहमीच्या उपचारापेक्षा वरचा दाब सरासरी ८ ने जास्त उतरला. पुढे बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेच्या ग्रामीण भागातली मोठी चाचणी २०२० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. आपल्या आशाताईंसारख्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या घरी जाऊन दाब मोजत, समजावत आणि गरज असेल त्याला डॉक्टरांकडे पाठवत. दोन वर्षांनी त्यांच्या गावांत वरचा दाब तुलनेच्या गावांपेक्षा ५ ने जास्त उतरलेला होता. पाच हा आकडा लहान वाटतो, पण साऱ्या लोकसंख्येत एवढा उतार पडला तर लकव्याची संख्या ठळकपणे घटते.

इथेच खरा वाद आहे. आपल्याकडे नर्सला औषध सुरू करण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार नाही. समुदाय आरोग्य अधिकारी डॉक्टरांनी ठरवलेली गोळी पुढे चालू ठेवू शकतात, ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेवरून डॉक्टरांना विचारू शकतात. पण दाब सलग दोन महिने १५० च्या वर आहे हे समोर दिसत असूनही पुढची पायरी चढवता येत नाही. रुग्णाला ‘पीएचसीत जा’ म्हणायचे, आणि तो रोजी बुडवून जात नाही. अधिकार देण्याला विरोध करणाऱ्यांची भीती खोटी नाही. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, उभे राहिल्यावर चक्कर येणारे म्हातारे, यांत चूक महागात पडेल. पण हे अपवाद मोजके आहेत आणि कागदावर लिहिता येतात. अपवादांची यादी भिंतीवर लावावी, वैद्यकीय अधिकाऱ्याने दर महिन्याला नोंदवही तपासावी, आणि उरलेल्यांसाठी दुसरी पायरी उपकेंद्रातच चढवू द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गोळ्याही तीस दिवसांऐवजी साठ दिवसांच्या द्याव्यात. दाब आटोक्यात असलेल्या माणसाला दर महिन्याला हेलपाटा घालायला लावून आपण त्याला गळतीच्या रकान्यात ढकलतो.

लक्ष्य १४०/९० असावे की १३०/८०, हा मोठ्या शहरांतल्या परिषदांचा वाद आहे. अमेरिकेने २०१७ साली खालचा आकडा धरला. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांसाठी त्यात तथ्य आहे. पण उपचारावरच्या निम्म्या लोकांचा दाब अजून १४० च्या वर असताना आपण आधी १४० गाठावे.

धानाचे वेळापत्रक

गळतीची कारणे रुग्णाच्या अडाणीपणात शोधणे हा आळस आहे. गोंदियात ती पंचांगात सापडतात. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला पहाटे अंधारात निघावे लागते, मेमध्ये तेंदूपत्त्याच्या हंगामातही तेच. सकाळी चहानंतर घ्यायची गोळी घरीच राहते. अशा वेळी गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली तर चुकत नाही, आणि दाब उतरायला दिवस-रात्रीने मोठा फरक पडत नाही. फक्त लघवी वाढवणारी गोळी असेल तर रात्री नको, झोपमोड होते. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. दिवसभर बांधीत वाकून पऱ्हे लावल्यावर कंबर धरते, मग गावातल्याकडून दुखण्याची सुई किंवा दुकानातून डायक्लोफेनॅक. ही वेदनाशामके अंगात पाणी-मीठ धरून ठेवतात, दाब चढवतात आणि मूत्रपिंडालाही त्रास देतात. रोवणीच्या दिवसांत अचानक दाब वाढलेला दिसला तर गोळीची पायरी चढवण्याआधी ‘अंगदुखीसाठी काय घेता?’ हा प्रश्न विचारायला हवा. कामापुरते पॅरासिटामॉल देता येते. हंगाम संपल्यावर माणसे नागपूर-हैदराबादकडे कामाला जातात, त्यांना निघताना दोन महिन्यांच्या गोळ्या आणि दाब-गोळी लिहिलेले कार्ड सोबत हवे.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. पारा ४५ च्या आसपास जातो, घाम वाहतो, दाब स्वभावतःच उतरतो. तीच गोळी आता जास्त होते आणि म्हातारा माणूस खाटेवरून उठताना कोसळतो. एप्रिल-मेमध्ये वृद्धांचा दाब झोपवून आणि उभे केल्यावर एक व तीन मिनिटांनी असा तीनदा मोजावा. वरचा आकडा २० ने उतरला तर डॉक्टरांना कळवावे. थंडीत याच्या उलट, डिसेंबरात आकडे चढतात.

‘लो बीपी’ची समजूत हे एक वेगळेच प्रकरण आहे. चक्कर आली, हातपाय गळाले की घरातली बाई ‘बीपी लो झाला’ म्हणून मीठ-लिंबूपाणी पिते. तिला बहुधा रक्तक्षय असतो, आणि कधी कधी मोजल्यावर दाब १६० निघतो. तिला रागावू नये. मोजून आकडा दाखवावा, तो कार्डावर लिहावा, हिमोग्लोबिन तपासावे.

मिठाबद्दल सल्ला देणे सोपे, पाळणे अवघड. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला. आपण त्याच्या दुपटीच्या आसपास खातो. गोंदियात ते कुठून येते? बासी भातावर घातलेले मीठ, लोणचे, पापड, सुकी मासळी, आणि हल्ली प्रत्येक टपरीवर लटकणारी पाकिटे. ‘मीठ बंद करा’ हा सल्ला कोणी पाळत नाही. ‘बासीत मीठ घालू नका, कांदा-मिरची घ्या’ हा पाळला जातो. चीनमधल्या ६०० खेड्यांत, सुमारे २१ हजार लोकांत, एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ वापरून पाहिले. २०२१ साली आलेल्या निष्कर्षात लकव्याचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. ही आशेची गोष्ट आहे, मात्र मूत्रपिंड बिघडलेल्यांना आणि टेल्मिसार्टन, एनालाप्रिलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना डॉक्टरांना न विचारता असे मीठ देऊ नये.

जंगलातल्या मुळीबद्दलही विचारावे. सर्पगंधेचा दाबावरचा परिणाम जगासमोर ठामपणे मांडला तो मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी, १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधल्या लेखातून. त्यातूनच पुढे रिसर्पिन हे औषध आले. म्हणजे ‘झाडपाला कामाचा नाही’ असे वैदूवर विश्वास असलेल्या रुग्णाला सांगणे चूक आहे. मुळीचे माप ठरलेले नसते, गोळीसोबत घेतली तर दाब फार उतरतो आणि मन उदास होते, हे खरे कारण सांगावे.

आणि सिकलसेल. पूर्व विदर्भातल्या नर्सला हे पाठ्यपुस्तकात नीट सापडत नाही. सिकलसेलच्या रुग्णाचा दाब सहसा त्याच वयाच्या इतरांपेक्षा कमी असतो. त्यामुळे त्याचा १३०/८५ हा आकडा इतरांच्या मापाने चांगला दिसला तरी त्याच्यासाठी तो चढलेला असू शकतो आणि मूत्रपिंडावर ताण असल्याची ती खूण असू शकते. त्याच्या कार्डावर आधीचे आकडे ओळीने हवेत, एकटा आकडा काही सांगत नाही.

वॉर्डातली रात्र

रुग्णालयातल्या दाबाबद्दल थोडक्यात. रात्री दोन वाजता आकडा १९०/११० येतो, रुग्णाला काहीच त्रास नसतो. पूर्वी अशा वेळी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली दिली जाई. दाब धाडकन कोसळून लकवा किंवा हृदयविकाराचा झटका आल्याच्या नोंदी जमल्या आणि १९९६ साली ‘जामा’मधल्या लेखाने ही प्रथा थांबवा असे सांगितले. तिची आठवण अजून काही ठिकाणी शिल्लक आहे. लक्षण नसेल तर रुग्णाला शांत करावे, दुखते का, लघवी तुंबली आहे का, रात्रीची गोळी चुकली का ते पाहावे, अर्ध्या तासाने पुन्हा मोजून डॉक्टरांना सांगावे. छातीत दुखणे, दम, झटका, तोंड वाकडे होणे, दिसेनासे होणे यांतले काही असेल तर ती आणीबाणी. तेव्हाही पहिल्या तासात दाब पाव हिश्श्यापेक्षा जास्त उतरवायचा नसतो. रक्तवाहिनी तुंबून आलेल्या लकव्यात, गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे नसेल तर, २२०/१२० पर्यंतचा दाब सहसा तसाच राहू देतात, कारण मेंदूच्या उपाशी भागाला तोच रक्त पोचवत असतो. आकडा पाहून घाबरलेल्या नातेवाइकांना हे समजावणे नर्सच्याच वाट्याला येते.

बाळंतिणीचा दाब

या सगळ्या प्रश्नात जिथे नर्सचा हात थेट जीव वाचवतो ती जागा म्हणजे गरोदरपण. विसाव्या आठवड्यानंतर दाब १४०/९० च्या वर आणि लघवीत प्रथिने किंवा अवयवांवर ताणाच्या खुणा दिसल्या तर ती प्री-एक्लॅम्पसिया. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे, पोटात वरच्या बाजूला दुखणे, ही पुढच्या झटक्याची पूर्वसूचना. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी होते, पण दाब ९ तारखेची वाट पाहत नाही.

या विषयावरचा जगाने दखल घेतलेला पुरावा आपल्या शेजारी, नागपुरात तयार झाला आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय या दोन सरकारी रुग्णालयांत २०१५ ते २०१७ दरम्यान तीव्र दाब असलेल्या ८९४ गरोदर स्त्रियांवर चाचणी झाली. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथाइलडोपा या तोंडाने घ्यायच्या तीन औषधांची तुलना केली. सहा तासांत, अपाय न होता दाब आटोक्यात येण्याचे प्रमाण निफेडिपिनने ८४, लॅबेटॅलॉलने ७७ आणि मिथाइलडोपाने ७६ टक्के. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे आले. सलाइनचा पंप नसलेल्या, एका सिस्टरने अनेक खाटा सांभाळायच्या वॉर्डासाठी हा निष्कर्ष फार मोठा आहे. तिन्ही गोळ्या चालतात. १६०/११० दिसल्यावर इंजेक्शनची वाट पाहत बसायचे कारण उरत नाही.

झटका टाळण्याचे औषध मात्र वेगळे, मॅग्नेशियम सल्फेट. ३३ देशांतल्या १० हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या मॅगपाय चाचणीने २००२ साली दाखवले की त्याने झटक्याचा धोका निम्म्यावर येतो. झटका आला असेल किंवा येण्याची चिन्हे असतील तर मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी पहिली मात्रा द्यायची परवानगी आरोग्य सेविकेलाही आहे. दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅम, खोल स्नायूत. २ मिलिलिटरच्या, ५० टक्क्यांच्या अँप्युलमध्ये १ ग्रॅम असते, म्हणजे एकूण दहा अँप्युल. दहा अँप्युल फोडताना हात थांबतो, एवढे औषध कसे द्यायचे असे वाटते, आणि बाई इंजेक्शनशिवायच १०८ मध्ये चढते. सालेकशातल्या दरेकसा किंवा अर्जुनी मोरगावातल्या केशोरीकडून गोंदियापर्यंतचा रस्ता लांबचा आहे, झटका त्या रस्त्यात येतो. म्हणून दहा अँप्युल, दोन सिरिंजा आणि मात्रेचा कागद एका डब्यात बांधून तयार ठेवावा. पुढच्या मात्रांआधी तीन गोष्टी पाहायच्या: गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ च्या खाली गेला नाही ना, लघवी तासाला ३० मिलिलिटर होते का. त्यातले एकही कमी पडले तर पुढची मात्रा रोखायची. श्वास मंदावला तर कॅल्शियम ग्लुकोनेट हा उतारा, तोही डब्यातच हवा.

बाळंतपण झाले की धोका टळला, असा समज घरच्यांचा असतो आणि कधी कधी आपलाही. प्रत्यक्षात बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी दाब सर्वांत वर जातो, आणि साध्या बाळंतपणात बाई ४८ तासांनी घरी गेलेली असते. याच दिवसांत आशाताई घरी जाते, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी, बाळाचे वजन आणि तापमान पाहायला. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली आणि देशभर गेली. त्याच पिशवीत एक डिजिटल यंत्र टाकले तर आईचाही दाब तिसऱ्या दिवशी कळेल. १५०/१०० च्या वर असला तर त्याच दिवशी सिस्टरला फोन.

पुढचा दुवा तर आज पूर्ण तुटलेला आहे. जिला गरोदरपणी असा त्रास झाला, तिला पुढील आयुष्यात कायमचा उच्च रक्तदाब होण्याचा धोका इतरांच्या तीन ते चार पट असतो. ती बहुधा बाविशी-पंचविशीतली असते. बाळाची सहा आठवड्यांची तपासणी झाली की माता-बालकांच्या नोंदवहीतून तिचे नाव मागे पडते. असंसर्गजन्य आजारांची तपासणी सुरू होते तिसाव्या वर्षी. मधली पाच-आठ वर्षे ती कोणत्याच यादीत नसते. याच काळात तिला दुसरे मूल होते, किंवा कोणी टेल्मिसार्टन सुरू करते आणि ती पुन्हा गरोदर राहिली तर गर्भाला अपाय होईल हे कोणी विचारत नाही. बाई गंगाबाई रुग्णालयातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून सुट्टी देताना तिच्या कार्डावर ‘गरोदरपणी दाब’ असे लाल शाईने लिहावे, गावच्या उपकेंद्राला कळवावे, आणि सेविकेने वयाची अट न पाहता तिचे नाव रक्तदाबाच्या नोंदवहीत घेऊन वर्षातून एकदा तिचा दाब आणि लघवी तपासावी. यासाठी नवी योजना लागत नाही. सुट्टीच्या कागदावर एक ओळ आणि उपकेंद्राच्या वहीत एक रकाना वाढवावा लागतो.